नाताळच्या ताटातील घरचा पदार्थ

डिसेंबरचा महिना उजाडला, सकाळचा गार वारा मैदानावर झोंबू लागला आणि संगीताच्या तासाला नाताळची गीते बसविण्यास आरंभ झाला, म्हणजे आमच्या शाळेत एका विषयाची चर्चा हटकून सुरू होते. तो विषय म्हणजे खाण्याचा. कोणाच्या घरी काय होणार, कोणाचा केक किती मोठा असणार, कोणाकडे कोण जेवावयास जाणार, ह्या गोष्टी मधल्या सुट्टीत मुले मोठ्या उत्साहाने बोलत असतात. शाळेच्या वार्षिक अंकात लिहिण्याजोगा हा विषय नव्हे, असे काही पालकांस वाटण्याचा संभव आहे. परंतु मनुष्य सणाच्या दिवशी काय खातो व का खातो, ह्या प्रश्नात त्याच्या घराण्याचा पुष्कळसा इतिहास साठविलेला असतो, असे माझे मत आहे; म्हणून चार शब्द लिहिण्याचे धाडस करिते.

'आमचा नाताळ' ह्या विषयावर मी दरवर्षी वर्गात निबंध लिहावयास देते. अलीकडे त्या निबंधांत एक गोष्ट माझ्या दृष्टीस पडू लागली आहे. बहुतेक मुलांचा खाण्याविषयीचा परिच्छेद सारखाच असतो: बेकरीतून आणलेला केक, बिर्याणी, 'व इतर पदार्थ'. ह्या 'इतर पदार्थ' शब्दांच्या आड काय दडले आहे, ते खोदून विचारल्यावाचून कळत नाही. विचारले म्हणजे मुले थोडी अडखळत, थोडी लाजत सांगू लागतात. कोणाच्या घरी त्या दिवशी पुरणपोळीशेजारी मटणाचा रस्सा वाढतात; कोणाच्या घरी बाजरीचे उंडे होतात; कोणाची आजी ज्वारीच्या लाह्यांचे पीठ दुधागुळात कालवून सर्वांच्या आधी लहान मुलांस देते. "पण हे निबंधात कसे लिहावयाचे, बाई? हे काय नाताळचे आहे?" असा प्रश्न एका मुलीने मला केला. त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच हा लेख आहे. घरोघरी जो एखादा चमत्कारिक पदार्थ ह्या सणास होत असतो, तो त्यामागील कारणासह जतन करावा, आणि तो करण्याचे श्रम घरातील सर्वांनी वाटून घ्यावेत, एवढेच मला सांगावयाचे आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, नाताळचा म्हणून नेमून दिलेला असा एकही पदार्थ नाही. प्रभू येशूच्या जन्माचा वृत्तान्त मत्तय व लूक ह्यांच्या शुभवर्तमानांत आला आहे. त्यात गव्हाणी आहे, मेंढपाळ आहेत, पूर्वेकडून आलेले मागी लोक आहेत. मागी लोकांनी सोने, ऊद व गंधरस ह्या भेटी आणल्याचे सांगितले आहे. परंतु खाण्याचा जिन्नस कोणी आणल्याचा उल्लेख कोठेही नाही. अर्थात पुढे निरनिराळ्या देशांत जे पदार्थ ह्या सणास रूढ झाले, ते ज्या त्या देशाच्या हवेने, जमिनीने, समुद्राने, आणि कित्येक वेळा तेथील लोकांच्या अडचणीनेच ठरविले.

ह्याचे एक उदाहरण नॉर्वे देशाचे घ्या. तेथे नाताळच्या दिवसांत लूटेफिस्क नावाचा पदार्थ पुष्कळ घरी करितात. थंड वाऱ्यात वाळवून लाकडासारखा कडक झालेला कॉड मासा प्रथम पाण्यात भिजवावयाचा, मग तीव्र खाराच्या पाण्यात ठेवावयाचा, आणि नंतर तो खार निघून जाईपर्यंत काही दिवस पुन्हा साध्या पाण्यात ठेवून पाणी बदलीत राहावयाचे. पूर्वी हा खार लाकडाच्या राखेपासून काढीत. इतके सोपस्कार झाल्यावर मासा शिजवितात, तेव्हा तो काचेसारखा थलथलीत होतो, व त्याचा वास नवख्याला सहन होत नाही. नॉर्वेतील लोक एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत मिनेसोटा वगैरे भागांत जाऊन वसले, तेथेही त्यांनी हा पदार्थ सोडला नाही; तेथील चर्चमध्ये अद्याप त्याच्या पंगती बसतात. बाहेरचे लोक थट्टा करितात, व थट्टा करणाऱ्यांत त्यांची स्वतःची मुलेही असतात. तरी पंगत उठत नाही. कारण, ज्या किनाऱ्यावर हिवाळ्यात शेत पिकत नाही तेथे वाळविलेल्या माशाने पूर्वजांस जगविले, ही गोष्ट त्या वाडग्यात आहे.

ह्याहूनही विलक्षण पदार्थ ग्रीनलंडच्या वायव्य भागात होतो. तेथे उन्हाळ्यात ऑक नावाचे लहान समुद्रपक्षी जाळ्याने शेकड्यांनी पकडितात, ते तसेच सीलच्या कातड्याच्या पिशवीत ठासून भरितात, आतील हवा दाबून काढून पिशवी शिवून टाकितात, व ती दगडांखाली काही महिने आंबत ठेवितात. ह्या पदार्थाचे नाव किवियाक. हिवाळ्यात, नाताळच्या सुमारास, जेव्हा त्या प्रदेशात कित्येक आठवडे सूर्य उगवतच नाही, तेव्हा ही पिशवी उघडितात व सगेसोयरे मिळून खातात. वाचताना आपल्या अंगावर शहारे येतात खरे. परंतु जेथे धान्य नाही, सरपणास झाड नाही, आणि शिकार केव्हा मिळेल ह्याचा नेम नाही, तेथे उन्हाळ्यातील अन्न काळोखाच्या दिवसांसाठी राखून ठेवणे, ह्याहून मोठे शहाणपण कोणते?

पोलंडात निराळाच प्रकार आहे. तेथे आदल्या संध्याकाळी आकाशात पहिली चांदणी दिसेपर्यंत कोणी जेवावयास बसत नाही. त्या जेवणात मांस नसते. बिटाचे सार, कार्प मासा, कोबी, खसखस घातलेले गोड पदार्थ अशी बारा पक्वान्ने करण्याची चाल आहे, व ती बारा प्रेषितांच्या स्मरणार्थ असे सांगतात. मेजावरील कापडाखाली गव्हाणीची आठवण म्हणून थोडे वाळलेले गवत पसरितात. आणि सर्वांत लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक जागा मांडून रिकामी ठेवितात. ती रिकामी थाळी पाहून "ही कोणासाठी?" असे लहान मूल विचारणारच, आणि त्याने विचारावे हाच तिचा उपयोग आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. 'नाताळ' हा शब्दच मुळी पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आला. त्याच लोकांबरोबर 'पाव' व 'बटाटा' हे शब्द मराठीत आले, काजूचे झाड आले, आणि जिच्यावाचून आज आपली एकही भाजी होत नाही ती मिरचीही त्यांच्याच गलबतांतून आली. वसईच्या परिसरात पोर्तुगीजांचा अंमल १५३४ पासून १७३९ पर्यंत होता. तेथील व मुंबई-साष्टीच्या गावठाणांतील ख्रिस्ती घरांत आजही मैदा, अंडी व नारळाचे दूध ह्यांचे गोल फुगे सणाला तळतात. आणि रश्शाला जो बाटलीतील मसाला लागतो, तो उन्हाळ्यातच भाजून, कुटून, गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून ठेवलेला असतो. मसाल्याचे प्रमाण ज्या त्या घरचे वेगळे असते. गोमंतकात दोदोल व बेबिंका होतात. बेबिंकेचा एक थर भाजून निघाल्यावाचून दुसरा ओतता येत नाही. दोदोल तर तांदळाचे पीठ, नारळाचे दूध व काळा गूळ हे कढईत तासन्‌तास ढवळल्यावाचून होतच नाही. परंतु ह्या पदार्थांच्याच तबकात नेवऱ्याही असतात. आणि शेजारच्या हिंदू घरी चवथीला होते तीच नेवरी ही. चवथीला ती कुंपणाच्या एका बाजूने जाते, नाताळला दुसऱ्या बाजूने परत येते.

घाटावरची गोष्ट आणखी वेगळी. अमेरिकन मिशनरी मुंबईस १८१३ साली उतरले, व अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, त्यांचे काम १८३१ साली सुरू झाले. त्यांनी शाळा काढल्या, पुस्तके छापिली. परंतु ज्या घरांनी त्यांचा उपदेश स्वीकारला त्यांच्या चुलीवरची कढई मात्र तीच राहिली. म्हणून आमच्याकडे नाताळास करंज्या, चकल्या, शंकरपाळे व रव्याचे लाडू होतात. दिवाळीत शेजाऱ्यांकडून आलेल्या फराळाच्या ताटाची परतफेड आम्ही नाताळात करितो. कोणी ह्यास अनुकरण म्हणेल. मी ह्यास शेजार म्हणते.

केकाशी माझे वैर आहे, असा कोणी ग्रह करून घेऊ नये. केकही आपल्याकडे पाहुणा म्हणून आला आणि घरचा झाला. केरळातील तलश्शेरी येथे मांबळ्ळी बापू नावाच्या बेकरीवाल्याने १८८३ साली एका इंग्रज मळेवाल्याच्या सांगण्यावरून नाताळचा केक तयार केला, व त्यात विलायती ब्रँडीऐवजी स्थानिक काजूबोंडांची दारू घातली, अशी हकीकत सांगतात. उत्तरेकडे अलाहाबादच्या, म्हणजे आजच्या प्रयागराजच्या, केकात कोहळ्याचा पेठा, संत्र्याचा मुरंबा व साजूक तूप पडते. तेथील माणसांनी जवळ होते ते घातले, आणि केक त्यांचा झाला. माझी तक्रार केकाविषयी नसून खोक्याविषयी आहे. जो केक ह्या गावातही तोच आणि त्या गावातही तोच, जो घडीभरात घरपोच मागविता येतो, त्याविषयी मुलाने "हा आपण का खातो?" असे विचारले, तर सांगण्यासारखे काय आहे? "दुकानात होता म्हणून" एवढेच. तो अवश्य आणावा. परंतु त्याच्यासाठी घरच्या पदार्थास ताटातून उठवू नये.

येथे पहिला आक्षेप असा संभवतो की, घरचे काही पदार्थ गरिबीचे असतात. आनंदाच्या दिवशी त्यांची आठवण कशाला? ह्यावर आमच्याच घरचे उदाहरण देते. नाताळच्या आदल्या रात्री, गीते गाणारी मंडळी दारावरून पुढे गेली म्हणजे, आमच्या घरी प्रत्येकास एक वाटी हुलग्याचे शेंगोळे मिळतात, व ते खाल्ल्यावाचून फराळाच्या डब्यास हात लावावयाचा नाही असा नियम आहे. ज्यांस ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते: हुलग्याचे पीठ लसूण, मिरची व जिरे घालून घट्ट मळतात, तळहातावर वळून त्याची लहान वेटोळी करितात, आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात शिजवितात. हुलगा हे काही मानाचे धान्य नव्हे. तो गुराघोड्यांच्या खाद्यात जातो. गेल्या वर्षी माझ्या भाच्याने वाटी पुढे सारून विचारले, "मावशी, उद्या मोठा सण आहे आणि आज आपण हे का खातो?" तेव्हा माझ्या वडिलांनी त्याला १९७२ सालची हकीकत सांगितली. त्या साली महाराष्ट्रात पाऊस पडला नाही. विहिरी आटल्या, गुरे विकली गेली, आणि रेशनवर परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, जिला लोक मिलो म्हणत, ती मिळू लागली. माझी आजी दुष्काळी कामावर खडी फोडावयास जाई. कामावर मिळणारी सुकडी ती स्वतः न खाता पदराला बांधून मुलांसाठी घरी आणी. त्या वर्षीच्या नाताळास घरात गोडधोड काहीच नव्हते. मडक्याच्या तळाशी हुलगे तेवढे होते. तिने त्यांचे शेंगोळे केले, आणि शेजारच्या घरी त्याहूनही कमी होते म्हणून त्यांतले अर्धे तिकडे पाठविले. पुढच्या वर्षी पाऊस पडला, जोंधळा आला. तरी आजीने शेंगोळे सोडले नाहीत. भाच्याने ही हकीकत ऐकून वाटी संपविली. आवडीने संपविली असे मी म्हणणार नाही, परंतु शेवटी त्याने विचारले, "ते शेजारी आता कोठे राहतात?"

हा प्रश्न मला मोलाचा वाटतो. कोणत्याही पाठ्यपुस्तकात १९७२ चा दुष्काळ चार ओळींत येईल. पण त्या दुष्काळात आपल्या घरच्या बाईने अर्धी वाटी कोणाला दिली, हे पाठ्यपुस्तक सांगणार नाही. आणि ही गोष्ट केवळ आपल्याकडचीच नाही. इंग्लंडात दुसऱ्या महायुद्धामुळे जानेवारी १९४० मध्ये साखर, लोणी वगैरे जिन्नस मोजून मिळू लागले, व ही मापाची पद्धत १९५४ पर्यंत पुरती उठली नाही. त्या काळात तेथील गृहिणींनी नाताळच्या पुडिंगात मनुकांच्या तुटीमुळे गाजराचा कीस घातला. ज्या मुलाबाळांनी ते खाल्ले त्यांना आईची युक्ती आयुष्यभर आठवली असेल ह्यात शंका नाही. गरिबीची लाज बाळगण्याचे कारण नाही. गरिबीत कोणी कसे वागले हे विसरण्याची मात्र लाज वाटली पाहिजे. शिवाय, ज्याचा जन्मदिवस आपण पाळतो तो गव्हाणीत निजला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या दिवशी हुलग्याची वाटी विशोभित दिसण्याचे कारणच उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे, आणि तो बहुधा कोणी तोंडाने बोलून दाखवीत नाही. हे पदार्थ करावयाचे कोणी? घराण्याच्या चालीरीती टिकवाव्यात असे सांगणारे पुष्कळ असतात, परंतु पहाटे उठून पुरण वाटणारी एकटीच असते. नाताळच्या आदल्या रात्री सारे घर गीतांच्या फेरीस बाहेर पडलेले असते, आणि आई कढईपुढे बसलेली असते. सकाळच्या उपासनेस ती दमून येते, किंवा येतच नाही. सण घराचा आणि शीण एकटीचा, अशी जर चाल असेल, तर ती चाल नव्हे, ते ओझे होय. आणि नव्या पिढीतील नोकरी करणाऱ्या सुनेने ते खाली ठेविले, तर तिला दोष देण्याचा अधिकार कोणासही नाही. पुष्कळ घरचे पदार्थ नाहीसे झाले ते लोकांस त्यांची चव नकोशी झाली म्हणून नव्हे, तर करणारे हात एकटे पडले म्हणून.

ह्या बाबतीत इंग्रजांची एक जुनी चाल घेण्यासारखी आहे. नाताळपूर्वीचा जो आगमनकाळ, तो सुरू होण्याच्या आधीच्या रविवारी तेथील घरांत पुडिंगचे मिश्रण तयार करीत. त्या रविवारच्या चर्चमधील प्रार्थनेचा आरंभ मने चेतविण्याच्या विनंतीने होतो, व त्यासाठी योजिलेल्या इंग्रजी शब्दांचा 'ढवळणे' असाही अर्थ होतो; म्हणून तो रविवार ढवळण्याचा रविवार ठरला. त्या दिवशी बापापासून तान्ह्या मुलापर्यंत घरातील प्रत्येकाने येऊन भांड्यातील मिश्रणास एकेक वळसा द्यावयाचा, आणि तोही पूर्वेकडून पश्चिमेकडे, कारण मागी लोक पूर्वेकडून आले. ही चाल दिसावयास खेळासारखी आहे, पण तिच्यात मोठी व्यवस्था आहे. पदार्थास ज्याचा हात लागला, त्याला तो आपला वाटतो. आपल्याकडे करंज्या भरण्यास, शंकरपाळे कापण्यास, शेंगोळे वळण्यास अथवा दोदोल ढवळण्यास मुलगा चालणार नाही असे कोणत्या ग्रंथात लिहिले आहे? क्रिकेटची बॅट ज्या मनगटाला पेलते, त्याला पुरणाचे यंत्र खासच पेलेल. पालकांस माझी विनंती आहे की, ह्या कामात मुलगा व मुलगी असा भेद करू नये, आणि वडिलांनीही वर्तमानपत्र बाजूस ठेवून पाटावर बसावे.

तिसरी गोष्ट खर्चाची. ऋण काढून सण करू नये, ही आपल्या वडीलधाऱ्यांची शिकवण योग्यच आहे. घरातील एखादी चाल जर केवळ थाटासाठी असेल व तिच्यापायी कर्ज होत असेल, तर ती खुशाल मोडावी. परंतु घरोघरचे जे खरे जुने पदार्थ आहेत, ते बहुधा स्वस्तच असतात, हे अनुभवास येईल. त्यांस पैसा थोडा लागतो आणि माणसे पुष्कळ लागतात.

असो. आता विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस एक काम सांगते. ते ख्रिस्ती मुलांसाठीच आहे असे समजू नका. ज्यांच्या घरी दिवाळीला एखादा जगावेगळा पदार्थ होतो, किंवा ज्यांच्या घरी ईदच्या शीरखुर्म्याची रीत शेजारच्या घराहून निराळी आहे, त्यांनीही हे करावे. येत्या सुट्टीत आपल्या आजीजवळ, आणि ती नसेल तर घरातील सर्वांत वडील माणसाजवळ बसा, आणि आपल्या घरचा जो पदार्थ दुसरीकडे कोठेही होत नाही, त्याची कृती लिहून घ्या. आजी म्हणेल, "त्यात काय लिहावयाचे? मूठभर पीठ, चिमूटभर मीठ, अंदाजाने पाणी." तेथे थांबू नका. तिला तिची मूठ भरू द्या, ती ताटलीत रिकामी करावयास सांगा, आणि तराजूवर तोला. तिची मूठ किती वजनाची आहे हे वहीत लिहा. ती बोलत असताना भ्रमणध्वनीवर तिचा आवाज मुद्रित करून ठेवा. आणि कृतीच्या खाली तीन प्रश्नांची उत्तरे अवश्य लिहा: हा पदार्थ तिला कोणी शिकविला, तो कोणत्या सालापासून घरात होतो, आणि तो का होतो. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या दिवशी मिळेलच असे नाही. वृद्ध माणसांस काही गोष्टी सांगावयास वेळ लागतो, काही गोष्टी हाताने काम चालू असतानाच आठवतात. म्हणून नुसती वही घेऊन समोर बसू नका. हात धुऊन, पीठ मळावयास बसा.